अर्ज करण्याची लाज

प्रश्न : मी एका कारखान्यात २६ वर्षे नोकरी केली. दीड वर्षापूर्वी कारखाना बंद पडला आणि ५४ व्या वर्षी मी घरी बसलो. खरे तर घरीही बसत नाही. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून रोज पूर्वीच्याच वेळी पिशवी घेऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसून राहतो. पत्नीच्या शिवणकामावर घर चालले आहे. उपजीविका गमावलेल्यांसाठी सरकारी सहाय्य असते आणि आपण त्यास पात्र आहोत, हे तिने शोधून काढले, म्हणून मी अर्ज भरून घेऊन गेलो. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने कागद वरवर चाळला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "चांगले धडधाकट दिसता, मग काम का करत नाही? घरात कोणीच कमावत नाही का?" मी अर्ज परत मागून घेतला आणि निघालो. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनीही तेवढ्यात आपला कागद घडी करून पिशवीत ठेवलेला मला दिसला. पत्नी म्हणते, पुन्हा जा. मोठे बंधू म्हणतात, फुकटचे घेतले की माणूस कायमचा मिंधा होतो. वडील तर आयुष्यभर सांगत आले की उपाशी राहावे, पण कुणापुढे हात पसरू नये. 'आर्थिक हक्क', 'मानवी प्रतिष्ठा' हे शब्द वाचनालयात बसून मी पुष्कळ वाचले. पण सरकारच्या तिजोरीत पैसाच नसेल तर त्या हक्काला अर्थ काय? आणि प्रतिष्ठा राखायची असेल तर न मागणेच बरे नाही का?
– एक वाचक

उत्तर :

स. न. वि. वि.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. अर्ज पुन्हा करावा, आणि शक्य तितक्या लवकर करावा.

त्या दिवशी आपल्याला जे वाटले ते मनाचे खेळ होते, किंवा एवढे मनाला लावून घ्यायचे नसते, असे मी म्हणणार नाही. आपला अपमान झाला, आणि तो चारचौघांत झाला. फक्त तो अपमान आपण चुकीच्या खात्यावर मांडला आहे असे मला वाटते. अर्जातल्या कागदाने आपल्याला कमीपणा आणला नव्हता. कमीपणा आणला तो खिडकीतून आलेल्या आवाजाने. रागावायचे ते त्या आवाजावर, आणि आपण मात्र कागदच परत घेऊन आलात.

मराठीने इथे आपली थोडी पंचाईत केली आहे. 'प्रतिष्ठा' हा एकच शब्द आपण दोन अगदी निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. 'प्रतिष्ठित गृहस्थ' म्हणतो तेव्हा पद, पैसा, घराणे, लोकांनी दिलेला मान असे काहीतरी डोळ्यांसमोर असते; ही प्रतिष्ठा मिळवावी लागते, ती वाढते, घटते आणि कधी एका दिवसात जातेही. 'मानवी प्रतिष्ठा' म्हणतो तेव्हा मात्र माणूस आहे एवढ्याच कारणाने जी असते आणि नोकरीबरोबर जी जाऊ शकत नाही, ती अभिप्रेत असते. नोकरी गेल्याने आपली पहिली प्रतिष्ठा कमी झाली, हे खरे आहे आणि त्याचे दुःखही खरे आहे. पण दुसरीला धक्का लागलेला नाही. रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडण्याचे आपले वाक्य मी दोनतीनदा वाचले. पहिली प्रतिष्ठा राखण्यासाठी आपण रोजचे आठ तास खर्च करता आहात, आणि दुसरी जिच्यामुळे टिकून राहील अशी एक गोष्ट, म्हणजे तो अर्ज, घरी कपाटात पडून आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा आपण वाचला असेलच. त्याचे २५ वे कलम मात्र आता अर्जदार म्हणून पुन्हा वाचावे. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांसह स्वतःच्या व कुटुंबाच्या स्वास्थ्याला पुरेल अशा राहणीमानाचा हक्क तिथे सांगितला आहे. पुढे बेकारी, आजारपण, अपंगत्व, वैधव्य, वार्धक्य, किंवा माणसाच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे उपजीविका नाहीशी होणे, अशा प्रसंगी सुरक्षिततेचा हक्कही आहे. कारखाना आपण बंद पाडला नव्हता, म्हणजे त्या यादीतला पहिलाच शब्द आपला आहे. २३ वे कलम कामाच्या हक्काविषयी आहे. माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला मानवी प्रतिष्ठेला साजेसे जगता येईल एवढा मोबदला मिळावा, असे सांगून ते थांबत नाही. गरज पडेल तेव्हा त्या मोबदल्याला सामाजिक संरक्षणाच्या अन्य साधनांची जोड मिळावी, असे पुढे म्हणते. मजुरी आणि सहाय्य, दोन्ही एकाच वाक्यात, एकाच प्रतिष्ठेच्या नावाने आलेली आहेत. पहिली घेताना मान ताठ ठेवायची आणि दुसरे घेताना खाली घालायची, असा भेद त्या मजकुरात शोधूनही सापडत नाही.

मग तो भेद आपल्या मनात आला कुठून? ही लाज माणसाच्या स्वभावातूनच येते असे आपण धरून चालतो. ती कायदे करून, मुद्दाम निर्माण केल्याचे दाखले आहेत. इंग्लंडमध्ये १६९७ साली झालेल्या कायद्याने सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्या माणसाला उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे मोठे 'पी' हे रोमन अक्षर लावणे बंधनकारक केले. कंगालासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे ते आद्याक्षर होते आणि शेजारी मदत देणाऱ्या परगण्याचे अक्षर असे. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही एका नजरेत कळावे, हा त्याचा उद्देश. पुढे १८३४ च्या कायद्यामागे तर हे तत्त्वच होते की, मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत हलके काम करणाऱ्या मजुरापेक्षाही वाईट दिसली पाहिजे, म्हणजे लोक मदत मागायला धजणार नाहीत. त्यासाठी श्रमगृहे, म्हणजे मदत घेणाऱ्यांना ठेवून त्यांच्याकडून काम करवून घेणारी घरे, होती आणि तिथे नवरा, बायको आणि मुले यांना वेगवेगळ्या भागांत ठेवत. गरिबांसाठीची ही मदत घेतली की मत देण्याचा अधिकार जात असे. ती अट १९१८ साली निघाली. कापडाचे अक्षर केव्हाच गेले. पण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलेला प्रश्न तेच काम करतो, आणि त्याला कापडही लागत नाही.

या लाजेपायी किती माणसे अर्जच करत नाहीत, हा आता अभ्यासाचा विषय झाला आहे. अत्यंत दारिद्र्याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी, म्हणजे त्या विषयावर अहवाल देण्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञांनी, २०२२ मध्ये एक सबंध अहवाल याच गोष्टीवर सादर केला की, पात्र असलेली माणसे हक्काच्या सहाय्यापर्यंत पोहोचत का नाहीत. माहिती नसणे आणि अर्ज किचकट असणे ही कारणे तर त्यात आहेतच, पण अपमानाची भीती आणि लाज हीही आहेत. माणूस खिडकीवरून परत गेला की हिशेबात बचत दिसते आणि कोणाच्याही नावावर नकार नोंदला जात नाही. आपला अर्ज कोणी नामंजूर केलेला नाही, हे लक्षात घ्यावे. तो आपणच परत घेतलात, आणि कागदोपत्री आपण तिथे गेलाच नव्हतात.

आता आपल्या बंधूंच्या म्हणण्याकडे वळते. 'मिंधा' हा शब्द त्यांनी नेमका वापरला आहे. मिंधा होण्यासाठी देणारा कोणीतरी माणूस लागतो, त्याची मर्जी लागते, आणि दिलेले त्याने पुढे केव्हाही बोलून दाखवावे अशी सोय लागते. सावकार, दूरचा श्रीमंत नातेवाईक, उपकाराची आठवण ठेवणारा मित्र यांच्यापुढे माणूस मिंधा होतो. हक्कामध्ये देणारा असा कोणी नसतोच. एका बाजूला पात्र माणूस असतो आणि दुसऱ्या बाजूला कर्तव्य असलेली संस्था असते. खिडकीतला कर्मचारी स्वतःच्या खिशातून काही देत नाही, फार तर तो पोच देतो. वडिलांची शिकवणही मी याच अर्थाने घेते. त्यांच्या काळी अडचणीत हात पसरायचा तो कोणातरी एकाच्या दारात पसरावा लागत असे, आणि त्या एकाच्या लहरीवर आपले जगणे अवलंबून राहू नये, एवढा त्यांचा बाणेदारपणा होता. त्यांना ज्याची घृणा होती त्यापासून माणसाला सोडवण्यासाठीच तर हे हक्क लिहिले गेले.

मात्र अशा वेळी लोक जो दिलासा देतात तो मी देणार नाही. "२६ वर्षे कर भरलात, आता आपलेच पैसे परत घेता आहात" असे आपल्याला कोणीतरी म्हणेल, आणि ते ऐकायला बरेही वाटेल. पण त्यावर हक्क उभा केला तर जन्मापासून अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा हक्क कशावर उभा करायचा? आयुष्यभर घरात राबलेल्या आणि पगाराच्या कागदावर नावही नसलेल्या बाईचा कशावर? आपल्या मागे उभ्या असलेल्या त्या वृद्ध बाईंनी किती कर भरला, हे आपल्याला किंवा मला ठाऊक नाही, आणि त्यांच्या पात्रतेसाठी ते विचारायचे कारणही नाही. वर्गणी भरून मिळणारे विमे असतात आणि ते चांगलेच असतात. पण त्यांच्या कडेला ज्यांची वर्गणी नाही अशांसाठीही जागा राहिली पाहिजे.

तिजोरीचा प्रश्न आपण विचारलात तो रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ मध्ये स्वीकारला गेला आणि १९७६ मध्ये अमलात आला. सामाजिक सुरक्षेचा हक्क त्याच्या ९ व्या कलमात आहे. पण दुसऱ्याच कलमात असेही म्हटले आहे की, राज्याने उपलब्ध साधनांची पराकाष्ठा करून हे हक्क क्रमाक्रमाने पूर्णत्वास न्यावेत. 'क्रमाक्रमाने' या शब्दाच्या आडोशाला पुष्कळ सरकारे पुष्कळ वर्षे निवांत बसली. म्हणून करारावर देखरेख करणाऱ्या समितीने १९९० मध्ये खुलासा केला की, प्रत्येक हक्काचा एक किमान गाभा असतो. जिथे बऱ्याच लोकांना आवश्यक अन्न, प्राथमिक आरोग्यसेवा, साधा निवारा किंवा अगदी मूलभूत शिक्षण मिळत नसेल, ते राज्य सकृद्दर्शनी आपले कर्तव्य चुकत आहे असे मानावे, आणि साधने नाहीत असे म्हणायचे असेल तर असतील तेवढी सर्व वापरण्याचा पूर्ण प्रयत्न केल्याचे त्या राज्यानेच दाखवून द्यावे. म्हणजे तिजोरी रिकामी असणे ही एक सबब असू शकते, पण ती सिद्ध करण्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावर नाही. आपण अर्ज करण्याआधीच राज्याच्या वतीने ती सबब सांगून मोकळे होता आहात, हे मला थोडे गमतीचे वाटले, क्षमा असावी.

न्यायालयांनी या बाबतीत काय केले, तेही सरमिसळच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००० साली आयरीन ग्रूटबूम आणि इतरांच्या प्रकरणात असे ठरवले की, ज्यांच्या डोक्यावर आजच्या आज छप्पर नाही त्यांच्यासाठी काहीच तरतूद न करणारे गृहधोरण घटनेच्या कसोटीला उतरत नाही. हा निकाल जगभर शिकवला जातो. पण ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या ग्रूटबूमबाई २००८ मध्ये वारल्या तेव्हाही झोपडीतच राहत होत्या. जर्मनीत २०१० मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. प्रतिष्ठेने जगण्यापुरत्या किमान साधनांची हमी कायद्याने मिळालेल्या हक्काच्या रूपातच असली पाहिजे. गरजवंताला कोणाच्या ऐच्छिक दानाकडे बोट दाखवून चालणार नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. मुलांसाठीची रक्कम मोठ्या माणसाच्या रकमेचा एक हिस्सा म्हणून परस्पर काढलेली होती, तेव्हा मुले म्हणजे लहान आकाराची मोठी माणसे नव्हेत, असेही त्या न्यायालयाने सुनावले. पुढे २०१९ मध्ये, काम शोधण्याच्या अटी न पाळल्याबद्दल सहाय्यात ३० टक्क्यांहून अधिक कपात करणे त्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. अटी घालू नयेत असे न्यायालय म्हणाले नाही, पण अट मोडणाऱ्याचीही प्रतिष्ठा शिल्लक असते, हे त्यातून ठरले. 'धडधाकट दिसता' एवढ्यावर माणसाला वाटेला लावणाऱ्यांनी हा निकाल वाचण्यासारखा आहे.

एक गोष्ट आपण विचारली नाहीत, तरी बोलणे भाग आहे. पत्रात पत्नीचा उल्लेख तीन वाक्यांत आला: तिच्या शिवणकामावर घर चालते, सहाय्य तिनेच शोधून काढले, आणि ती म्हणते पुन्हा जा. आपण न मागून जी प्रतिष्ठा राखता आहात तिचा खर्च सध्या कोण भागवते आहे? रात्री दिव्याखाली किती वेळ मशीन चालते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. २५ व्या कलमात 'स्वतःच्या' या शब्दापाठोपाठ 'कुटुंबाच्या' हा शब्द आहे. वडिलांचे वचन पाळताना उपाशी राहण्याचा निर्णय माणसाने स्वतःपुरता घ्यावा. तिच्या वतीने तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे कठोर वाटले तर वाटू द्यावे.

आता पुन्हा जाण्याविषयी. मी स्वतः काही वर्षे लोकांना असे अर्ज भरून देण्याचे काम केले आहे, त्यातून शिकलेले सांगते. एकटे जाऊ नये. पत्नीला बरोबर न्यावे. तिला सगळे नियम ठाऊक आहेत, आणि शेजारी साक्षीला कोणी असले की खिडकीतला आवाज आपोआप खाली येतो. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ती पोच हातात आली की पुढचे सगळे कागदावर चालते. आपली हकीकत सांगत बसू नये. ज्या अटींवर सहाय्य मिळते त्या मी पूर्ण करतो, सोबत दाखले जोडले आहेत, अर्ज दाखल करून पोच द्यावी, एवढे बोलणे पुरेसे असते. कामाविषयी आणि घरच्या उत्पन्नाविषयी विचारणे हा पात्रता तपासण्याचा भाग असू शकतो, तेव्हा प्रश्नालाच हरकत घेऊ नये. पण तो मोठ्याने विचारला गेला तर उत्तर लिहून देतो असे शांतपणे सांगावे.

आणखी एक. आपल्याकडे अर्जाच्या शेवटी 'आपला कृपाभिलाषी' असे लिहिण्याची जुनी खोड आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ अर्जांत ते शब्द असत आणि मी ते खोडत असे. एका आजोबांना माझे हे खोडणे उद्धटपणाचे वाटले आणि त्यांनी माझ्या देखत पेन काढून ते शब्द पुन्हा लिहिले. मीही मग वाद घातला नाही. पण आपण नुसते 'अर्जदार' लिहावे. सभ्यपणा त्यात पुरेपूर आहे आणि कृपेचा प्रश्न येत नाही.

अर्ज नामंजूर झाला तर कारणे लेखी मागावीत आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करावे. हे आगाऊपणाचे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये गोल्डबर्ग विरुद्ध केली या प्रकरणात असा निर्णय दिला की, चालू असलेले सार्वजनिक सहाय्य बंद करण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे, आणि अशा सहाय्याला निव्वळ दानधर्म समजू नये असेही निकालपत्रात नमूद केले. ऐकून घेतले जाणे हा पैशाइतकाच हक्काचा भाग आहे. आपल्याला तर अजून कोणी ऐकलेलेच नाही.

खिडकीवरच्या वागणुकीची तक्रार मात्र वेगळ्या कागदावर करावी. अर्जात ती मिसळली तर दोन्ही रेंगाळतात. कर्मचाऱ्याला शिक्षा व्हावी यापेक्षा पात्रतेचे प्रश्न चारचौघांत विचारले जाऊ नयेत, त्यासाठी आडोसा असावा, अशी मागणी करावी. तो कर्मचारीही दिवसभर त्याच रांगेला तोंड देत बसलेला असतो आणि त्याला असे विचारायला कोणीतरी शिकवलेले असते, म्हणून मी त्याच्यावर फारसा राग धरत नाही. आपण धरलात तर त्यालाही माझी हरकत नाही.

वाचनालयात जाणे सोडू नये, पण पिशवी घरी ठेवून जाऊन पाहावे. आणि अर्ज द्यायला जाल त्या दिवशी त्या वृद्ध बाई रांगेत पुन्हा दिसल्या, तर त्यांना आपल्या पुढे उभे राहू द्यावे, आणि त्यांचा कागद आत जाऊन शिक्क्यानिशी बाहेर येईपर्यंत आपण दोघांनी त्यांच्या मागे थांबावे.